२८ दिवसांचा २५ जीबीचा पॅक पंधरा दिवसांतच संपतो, गावात वायफाय नाही, मुलीचा अभ्यास फोनवर. काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, लेक्चर यूट्यूबवर पाहते, घरात एकच फोन अन् पंधरा-सोळाव्या दिवशी डेटा संपल्याचा मेसेज येतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला, आमच्या घरी दोन वर्षं हेच चाललं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक सांगतो, पोरीचे लेक्चर बंद करू नका. बहुतेक घरात तिच्यावरच पहिले बोट जाते अन् ते बरोबर नाही.

आमची आई म्हणे, "मी त फोन हातात बी घेत नाही, मंग हे नेट जाते कुठी?" एका रात्री जेवणं झाल्यावर मी अन् बहीण फोन घेऊन बसलो, सेटिंगमध्ये डेटा युसेज उघडलं. यूट्यूब वर असणार हे माहीतच होतं, पण दुसऱ्या नंबरवर फोटोचं ॲप निघालं, सहा जीबी! चुलत भावाच्या लग्नाचे हळदीपासूनचे सगळे व्हिडिओ फोन रात्रभर बॅकअपला (म्हणजे इंटरनेटवर साठवायला) चढवत होता, कारण मोबाइल डेटावर बॅकअप चालू राहिला होता, म्हणजे आम्ही झोपलेलो अन् पॅक चाललेला. त्याच्याखाली व्हॉट्सॲप. गॅलरीत पाहिलं तर शुभ सकाळचे, भजनाचे, कुठल्या कुठल्या ग्रुपवरचे व्हिडिओ, अर्ध्याच्या वर तर कोणी उघडून पण पाहिले नव्हते. त्या दिवसापर्यंत आम्ही बहिणीला बोलत होतो, मला आजही त्याचं वाईट वाटते.

तर तुम्ही पण पहिले तोच स्क्रीन उघडा, वरचे पाच ॲप पाहा. फोटोच्या ॲपमध्ये मोबाइल डेटावरचा बॅकअप बंद करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा म्हणून आहे, तिथं मोबाइल डेटावर आपोआप डाउनलोड होणाऱ्या फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळ्यांच्या टिक काढा, मग जे पाहायचं तेच बोट लावल्यावर उतरते. प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा. फेसबुक-इन्स्टाचे व्हिडिओ आपोआप चालतात, तिथं ऑटोप्ले बंद आणि डेटा सेव्हर चालू करा. एवढ्याला पंधरा मिनिटं लागतात.

आता खरा विषय यूट्यूबचा. २५ जीबी भागिले २८ म्हणजे दिवसाला ९०० एमबीच्या आसपास. एक तासाचं लेक्चर ७२० पी क्वालिटीवर (आकडा जितका मोठा तितकं चित्र स्पष्ट अन् डेटा जास्त) पाहिलं तर साधारण एक जीबी, कधी त्याच्यावर पण जाते, म्हणजे दिवस तिथंच संपला. तेच ३६० पी वर पाहिलं तर तीनशे एमबीच्या आगेमागे. फळ्यावरचं अक्षर ३६० ला फोन आडवा धरून नीट दिसते, आम्ही फिजिक्सचे गणितं वाचून पाहिले. मराठी, इतिहास असं नुसतं ऐकायचं असलं तर १४४ पण चालते. अन् एक गोष्ट लय जणांच्या लक्षात येत नाही, क्वालिटी ऑटोवर असली की गावात रेंज कमी म्हणून व्हिडिओ आपोआप हलक्या क्वालिटीवर चालतो, पण तालुक्याला बाजाराला गेलं, टॉवर जवळ आला, की तोच व्हिडिओ झटकन वरच्या क्वालिटीवर जातो आणि तासाभरात दोन दिवसांचा डेटा उडतो. म्हणून यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कसाठी डेटा सेव्हर लावूनच ठेवा, अन् पुढचा व्हिडिओ आपोआप लागणारं ऑटोप्ले बंद करा. जे लेक्चर ती परत परत पाहते ते एकदा डाउनलोड करून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्यांदा डेटा लागत नाही. पाहुण्यांकडे वायफाय असलं तर आठवड्याचे लेक्चर तिथूनच उतरवून आणा, त्यात लाजायचं काही नाही.

फोनमध्ये डेटाची वॉर्निंग लावता येते, २० जीबीवर लावा. फक्त तिथं मोजणी सुरू व्हायची महिन्याची तारीख असते अन् आपला पॅक २८ दिवसांचा, म्हणजे दर रिचार्जला ती तारीख मागे सरकवावी लागते नाहीतर आकडा जुळत नाही. (२८ दिवसांमुळे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात, ते पण हिशोबात धरा.)

रोज दीड जीबीवाला पॅक घ्यावा का असं पण तुम्ही विचारलंय. २८ दिवसांचा ४२ जीबी होतो, रोज अभ्यास असलेल्या घराला तो बरा, कारण एका दिवशी उधळला तरी दुसऱ्या दिवशी पोरगी अडत नाही. पण उरलेला डेटा रात्री १२ ला जातो, म्हणून झोपायच्या आधी उद्याचं लेक्चर त्याच डेटात उतरवून घ्यायचं.

कापसाचा भाव पाहणं, पैसे पाठवणं, साधे मेसेज, याला फार डेटा जात नाही, तिथं मन मारू नका. एवढं करून पण संपलाच तर वरच्या पाच ॲपचे नावं अन् आकडे इथंच खाली लिहा, मी पाहून सांगतो.