चौदा कोअरचा जुना झिऑन घेऊ का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, मी लातूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे रायझेन ७ ५८००एच चा लॅपटॉप आहे, ८ कोअर, १६ जीबी रॅम. इथला एक दुकानदार जुनं वर्कस्टेशन देतोय, त्यात इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर आहे, १४ कोअर २८ थ्रेड. म्हणतो सर्व्हरचा प्रोसेसर आहे, लॅपटॉपच्या दुप्पट पळेल. मी अँड्रॉइड स्टुडिओ वापरतो, थोडं ब्लेंडर (थ्री-डी) करतो. बाबा पैसे द्यायला तयार आहेत. घेऊ का?

उत्तर : स्पीडसाठी घेत असाल तर अजिबात नका घेऊ. सर्व्हरचा म्हणजे फास्टच असणार, या एका समजुतीवर भरपूर जुना माल खपतो आणि पैसे जातात ते बाबांचे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो झिऑन २०१६ चा आहे, तुमचा रायझेन २०२१ चा. मधल्या पाच वर्षांत एकेक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) एका ठोक्याला किती काम उरकतो ते खूप बदललंय, आणि वर तुमचा कोअर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ४.४ अब्ज ठोक्यांपर्यंत, जातो, झिऑन जास्तीत जास्त ३.३, तेही मोजकेच कोअर कामात असतील तेव्हा, सगळे १४ लागले की त्याच्याही खाली येतो. त्यामुळे अ‍ॅप उघडणं, ब्राउझर, एडिटर, असं जे एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतं त्यात लॅपटॉप सरळसरळ पुढे. आणि सगळे कोअर एकदम जुंपले तरी तुमचे ८ त्या १४ च्या बरोबरीला असतात, बऱ्याचदा थोडे पुढेच, लॅपटॉपचं कूलिंग धड असलं म्हणजे झालं. दुप्पट वगैरे काही नाही. शिवाय झिऑनला १२० वॅट लागतात, तुमच्याला ४५ च्या आसपास. अख्खं मशीन दीडशे वॅट धरलं तर दहा तासांत दीड युनिट, त्यात लाइट गेली की यूपीएस पाहिजेच.

अजून दोन गोष्टी दुकानदार सांगणार नाही. या झिऑनमधे ग्राफिक्स नाहीत, वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही, विंडोज १० चा सपोर्ट तर ऑक्टोबर २०२५ मधे संपला, म्हणजे विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स टाकायची तयारी ठेवा.

मग तो कुणी घ्यावा? ज्याला मेमरी हवी त्याने. चार मेमरी चॅनल (रॅमकडे जाणारे रस्ते), ईसीसी रॅम (चुका ओळखून दुरुस्त करणारी), पीसीआयच्या ४० लेन (कार्ड, डिस्क जोडायचे मार्ग). १२८ जीबी रॅम टाकून पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (एकाच मशीनमधले आभासी कॉम्प्युटर) उघडून ठेवायच्या असतील, क्लस्टर (अनेक मशीन जोडून एकत्र चालवणं) शिकायचा असेल तर हे मशीन खरंच कामाचं आहे, लॅपटॉप तिथे कमी पडतो. पण तुमचं काम ते नाही. त्याच पैशातले थोडे खर्चून लॅपटॉपची रॅम ३२ जीबी करा (स्लॉट आहे का ते आधी बघा), अँड्रॉइड स्टुडिओला लगेच फरक जाणवेल. ब्लेंडरचं रेंडरिंग मात्र ग्राफिक्स कार्डवर टाका, लॅपटॉपमधे वेगळं कार्ड असेल तर प्रोसेसरकडे बघायचीही गरज नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीत नवीन सर्व्हर आलाय, एएमडीचा एपिक ९६५४ प्रोसेसर, ९६ कोअर. माझी पायथनची डेटा साफ करायची स्क्रिप्ट त्याच्यावर माझ्या आय७-१२७००एच लॅपटॉपपेक्षा हळू चालते. सर्व्हरमधे काही बिघाड असेल का?

उत्तर : बिघाड नाही हो, तो त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागतोय. साधी पायथन स्क्रिप्ट एका वेळी एकाच कोअरवर चालते, म्हणजे ९६ पैकी ९५ रिकामे बसलेत. उरलेला एक जास्तीत जास्त ३.७ गिगाहर्ट्झला जातो, तुमच्या लॅपटॉपचा ४.७ ला. पोळी एकच असेल तर लाटायला चौदा जणी बसून उपयोग नाही, पंगत असेल तर आहे.

सर्व्हरचा क्लॉक (गिगाहर्ट्झचा आकडा) कमी का ठेवतात हेही बघा. त्या एपिकला ३६० वॅट दिलेत, ९६ ने भागले तर कोअरमागे पावणेचार वॅट येतात. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि मग वीज क्लॉकच्या प्रमाणाबाहेर वाढते, म्हणून कोअर जास्त आणि प्रत्येक जरा निवांत, असं गणित जमवतात. हजारो लोकांच्या वेगवेगळ्या रिक्वेस्ट एकदम येतात तिथे हेच बरोबर आहे, आणि ३८४ एमबी कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी), १२ मेमरी चॅनल तिथेच कामी येतात.

तुमची फाइल तुकड्यांत वाटता येत असेल तर पायथनचं मल्टिप्रोसेसिंग (काम अनेक कोअरवर वाटणं) वापरा. मात्र कॉम्प्युटर तज्ज्ञ जीन अ‍ॅमडालने १९६७ मधे मांडलेला हिशोब लक्षात ठेवा : कामाचा ९० टक्के भाग वाटता आला आणि १० टक्के एकामागून एकच करावा लागला तर १४ कोअरवर वेग साधारण ६ पट होतो आणि ९६ वर ९ पटीच्या जरासा वर, १० पट तर कधीच नाही. म्हणून आधी तो १० टक्क्यांचा भाग शोधा, बऱ्याचदा फाइल वाचण्यातच अडकलेला असतो.

प्रश्न : लॅपटॉपवर स्पीड टेस्ट पहिल्यांदा केली की स्कोर मस्त येतो, लगेच परत केली की पडतो. खरा कुठला?

उत्तर : दोन्ही खरे. आय५-१२४०पी प्रोसेसरचंच घ्या, बेस (नेहमीची पातळी) २८ वॅट, टर्बोला (थोडा वेळ जास्त पळतो तेव्हा) ६४ पर्यंत. सुरुवातीला तो ६४ कडे जातो, गरम झाला की खाली येतो. तुमचं काम दोन-चार सेकंदांचं असेल तर पहिला आकडा तुमचा, तासभर रेंडर किंवा कंपाइल असेल तर दुसरा. सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर म्हणूनच मल्टिकोअर टेस्ट दहा मिनिटं चालवतं, ती पूर्ण होऊ द्या, चार्जर लावून आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून, गादीवर नको. सर्व्हरशी तुलना करायची असेल तर हा दहा मिनिटांनंतरचाच आकडा घ्या, कारण सर्व्हर दिवसरात्र त्याच वेगाने चालायला बनवलेला असतो.