पिकअपमध्ये गरम होणारी सीट घ्यावी का?

पहिलाच पिकअप घेताय आणि थंडीत रोज पहाटे निघायचं असेल, तर गरम सीट जरूर घ्या. केबिनचा हीटर इंजिनाचं कूलंट (इंजिनात फिरणारं, त्याला थंड ठेवणारं द्रव) तापल्याशिवाय गरम हवा देत नाही. सीटमधली तार थेट विजेवर तापते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांतच पाठीला ऊब लागते. लेदरची सीट घेणार असाल तर मी आग्रहच धरेन. थंडीत गारठलेलं लेदर कापडापेक्षा फार बोचतं.

गाडी बघायला जाल तेव्हा बटण दाबून सीटवर तळहात ठेवा. बसायची जागा आणि पाठ, दोन्ही तापतात का बघा. काही गाड्यांत एकच भाग तापतो. वापरलेली गाडी असेल तर हे तपासल्याशिवाय व्यवहार करू नका. माझ्या जुन्या पिकअपमध्ये मागचं सामान काढताना मी सीटवर गुडघा टेकवायचो. आतली तार तुटली आणि ती बाजू कायमची थंड पडली.

कंपनीची गरम सीट न घेता बाहेरून सीट तापवायचं किट बसवायचा विचार असेल तर आधी सीटमध्ये साइड एअरबॅग आणि वजनाचा सेन्सर (सीटवर कुणी बसलंय का हे ओळखणारा) आहे का विचारा. असेल तर ते काम जाणकारालाच द्या.

आणि हे मनापासून सांगतो: घरात कुणाला मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी असेल, तर सीट सतत पूर्ण तापमानावर ठेवू नका. चटका कळत नाही आणि कातडी भाजते.