यकृत-स्वादुपिंडाची फेलोशिप : काय विचारून घ्यावं?

प्रश्न : जनरल सर्जरीच्या एम.एस.चं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे यकृत आणि स्वादुपिंडाच्याच शस्त्रक्रिया करायच्या आहेत. थेट फेलोशिप घेऊ का? केंद्र कसं निवडू? – एक निवासी डॉक्टर, नागपूर

उत्तर : आधी नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) द्या. सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजीचं, म्हणजे पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांचं, एम.सीएच. ३ वर्षांचं असतं आणि पुढे अध्यापनाच्या जागेसाठी तीच पदवी विचारतात. फेलोशिप त्यावर घेतली तर जास्त पचते.

केंद्रात वर्षाला किती व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं आणि ड्युओडेनम काढण्याची शस्त्रक्रिया) होतात, हे सगळेच विचारतात. तुम्ही तिथल्या सध्याच्या फेलोला चहाला गाठा आणि विचारा, ‘त्यातलं तू काय करतोस?’ पोट उघडणं आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) मोकळं करणं कुणालाही मिळतं. अनसिनेट प्रोसेस (स्वादुपिंडाच्या डोक्याचं मागे वळलेलं टोक) आतड्याला रक्त पुरवणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिक धमनीपासून सोडवणं आणि उरलेलं स्वादुपिंड जेजुनमला (लहान आतड्याच्या पुढच्या भागाला) जोडणं, हे मिळतं का ते बघा. ग्रंथी मऊ आणि नलिका जेमतेम २ मिमी असेल तर टाका ओढताना ऊती फाटते आणि जोड गळतो. म्हणूनच वरिष्ठ ती सुई सहजासहजी सोडत नाहीत.

वॉर्डही तुमच्याकडे हवा. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतलं) अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त आलं, तर गळती धरून चालायचं. पण रुग्ण ठणठणीत असेल तर ती निव्वळ प्रयोगशाळेच्या आकड्यातली गळती. त्याच ड्रेनमधून काही दिवसांनी थोडंसं ताजं रक्त आलं, तर मात्र ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. व्हिपलमध्ये कापून बांधलेल्या गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीच्या बुंध्याशी फुगा झालेला असू शकतो. रुग्ण स्थिर असेल तर लगेच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन). हा निर्णय रात्री दोनला घ्यायची सवय फेलोशिपमध्येच लागते.

यकृताच्या बाबतीत, भाग कापून काढल्यावर मागे किती यकृत उरेल याचं मोजमाप रेडिओलॉजिस्टशेजारी बसून स्वतः करा. निरोगी यकृत असेल तर किमान २० टक्के, भरपूर केमो झालेली असेल तर ३०, सिरॉसिसमध्ये (यकृत व्रणांनी कडक झालं असेल तर) ४०. शस्त्रक्रियेत अल्ट्रासाउंडचा प्रोब तुमच्या हातात येतो का, हेही विचारा.

लॉगबुकात (केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत) नुसतं ‘सहायक’ लिहू नका. कोणता टप्पा तुम्ही केला ते लिहा. परदेशातली ऑब्झर्व्हरशिप (नुसतं बघून शिकणं) फेलोशिपमध्ये मोजू नका, तिथे रुग्णाला हात लावता येत नाही.