सर्व्हर नवा, कर्नेल कोणता?

प्रश्न : परळच्या आमच्या लेखापाल कार्यालयासाठी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन सर्व्हर जुळवला आहे. त्यावर फायली आणि पोस्टग्रेस डेटाबेस असेल. मशीन महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये राहील. लिनक्स कर्नेलच्या (यंत्रणेचा हार्डवेअर चालवणारा गाभा) अधिकृत संकेतस्थळावर ज्यापुढे 'स्टेबल' लिहिले आहे, तोच टाकावा ना?

उत्तर : तो नको. तिथल्या 'स्टेबल'चे आयुष्य फार तर तीनेक महिन्यांचे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी मुख्य आवृत्ती येते आणि थोड्याच दिवसांत आधीच्या 'स्टेबल'च्या दुरुस्त्या थांबतात. तुम्हाला हवा तो 'लाँगटर्म', म्हणजे वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळणारा : ६.१, ६.६, ६.१२ हे त्यातले. पण तोही तिथून उतरवून स्वतः कंपाइल (सोर्स कोडपासून बांधणी) करू नका, नाहीतर प्रत्येक सुरक्षा दुरुस्ती तुमच्याच गळ्यात पडेल. आधी वितरण (डेबियन, उबुंटूसारखी तयार लिनक्स यंत्रणा) निवडा, कर्नेल त्याच्याबरोबर येतो. डेबियन १२ मध्ये ६.१ आहे, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ६.१२. नव्या मशीनवर आम्ही १३ टाकू.

आकड्याला भुलू नका. रेड हॅट ९ आणि त्यावर बेतलेल्या अल्मा, रॉकी या वितरणांचा कर्नेल ५.१४ दिसतो, म्हणून तो जुनाट ठरत नाही. नव्या दुरुस्त्या आणि ड्रायव्हर त्यात मागाहून बसवलेले असतात. उबुंटू २४.०४ चा ६.८ 'लाँगटर्म' यादीत नाही, तरी उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल तो स्वतः सांभाळते.

मशीन महाप्याला नेण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम चालवून 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा द्या. नेटवर्क कार्ड आणि डिस्क कंट्रोलरखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर त्या भागाला ड्रायव्हर लागलेला नाही. मग 'डीमेसेज'मध्ये (कर्नेलच्या संदेशांची नोंद) फर्मवेअरची, म्हणजे त्या भागाच्या आतल्या सॉफ्टवेअरची, तक्रार शोधा. बऱ्याचदा फक्त एक फाइल कमी असते.

खरी गोम दूरच्या मशीनचा कर्नेल बदलताना आहे. जुना कर्नेल काढू नका, '/बूट'ला (कर्नेलच्या फायलींची जागा) किमान १ जीबी द्या; ते भरले की अपडेट अर्ध्यावर अडकते. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नेल निवडून चालवणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' करा, कर्नेलच्या ओळीत 'पॅनिक=१०' घाला आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. मग 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुना कर्नेल कायम ठेवून 'ग्रब-रीबूट'ने नवा फक्त एकदा चालवायला सांगा. नवा कोसळला तर दहा सेकंदांनी मशीन आपणहून जुन्यावर येते. मात्र '/बूट' सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्कची जोडणी) किंवा एलव्हीएमवर (डिस्कची लवचीक विभागणी) असेल, तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही. 'एकदाच'ची खूण पुसली जात नाही आणि मशीन त्याच बिघडलेल्या कर्नेलवर फेऱ्या मारत बसते. म्हणून '/बूट' साध्या पार्टिशनवर ठेवा.

कर्नेल न कोसळता नुसता गोठला, तर यातले काहीच कामाला येत नाही. त्यासाठी मदरबोर्डवर आयपीएमआय (मशीन दुरून बंद-चालू करण्याची सोय) हवे; नसेल तर भर पावसात ठाणे-बेलापूर रस्ता धरायची तयारी ठेवा.

प्रश्न : कर्नेल अपडेटनंतर विक्रेत्याने दिलेल्या ड्रायव्हरचे नेटवर्क कार्ड बंद पडले. कर्नेलच गोठवून ठेवू का? (विलेपार्ले)

उत्तर : गोठवलात तर सुरक्षा दुरुस्त्याही थांबतील. तो ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेरचा आहे. प्रत्येक नव्या कर्नेलसाठी तो पुन्हा बांधावा लागतो. जुन्या कर्नेलवर बूट करा, डेबियनवर 'डीकेएमएस' (नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारे) आणि 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' (बांधणीला लागणाऱ्या कर्नेलच्या फायली) ही पॅकेजे टाका आणि ड्रायव्हर डीकेएमएसमधून बसवा. हेडर्स नसले की बांधणी होत नाही, आणि ते कळते रीबूटनंतर. तरीही बांधणी फसली, तर ड्रायव्हर नव्या कर्नेलशी जुळत नाही असे समजा. मग कर्नेलमध्येच ड्रायव्हर असलेले कार्ड घेणे स्वस्त पडते.