आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिप करावी, की कंत्राटदाराकडे थेट कामाला लागावं?

भाऊ लातूरला फिटर झालाय, चाकणच्या एका कंपनीत वर्षभराची ॲप्रेंटिसशिप मिळतेय आणि कंत्राटदार तिथेच जास्त पगार देतोय, असं तुम्ही लिहिलंय. ॲप्रेंटिसशिपमध्ये पोरांची पिळवणूक होते का, हा तुमचा प्रश्न. होते. तरी मी त्याला ॲप्रेंटिसशिपच घ्यायला सांगेन, फक्त कुठल्या खात्यात टाकणार ते आधी काढून घ्या.

मी भोसरीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात आहे, सुरुवात ॲप्रेंटिस म्हणूनच केली. आमच्या बॅचची निम्मी पोरं मेंटेनन्स आणि टूलरूमला गेली, उरलेली पत्रा दाबून पार्ट काढायच्या प्रेस शॉपला. प्रेस शॉपवाल्यांनी वर्षभर पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, पीस उचलायचा. बाजूचा कंत्राटी कामगार तेच करायचा, जास्त पैशांत. काय शिकलो त्याची नोंदवही, म्हणजे लॉगबुक, शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरून घेतलं, सुपरवायझरने न वाचता सह्या ठोकल्या. इकडे आम्हाला एक जुने मिस्त्री भेटले होते. सरफेस प्लेटला, म्हणजे एकदम सपाट पाट्याला, निळा रंग लावायचा, जॉब त्यावर घासायचा, जिथे निळं उठेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा घासून बघायचं. मनासारखं होईपर्यंत ते चहालासुद्धा सोडायचे नाहीत. माझा आजचा पगार त्या खरवडण्यावर उभा आहे. कंपनी एकच, विद्यावेतन एकच.

कायद्याचं म्हणाल तर 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा स्पष्ट सांगतो की ॲप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे. म्हणून पीएफ नाही. पण कामावर इजा झाली तर भरपाई मालकाला द्यावी लागते आणि सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. हे पोरांना कुणी सांगत नाही. महिनाअखेरीला डिस्पॅच अडला की डबल शिफ्टला सगळ्यात आधी ॲप्रेंटिसच थांबवतात.

पुढे नोकरी मिळेलच, असंही कायदा म्हणत नाही. मार्च 2018 मध्ये रेल्वेच्या ॲप्रेंटिस पोरांनी माटुंगा-दादरच्या मध्ये रूळ अडवून ऐन सकाळी लोकल बंद पाडल्या, ते यावरूनच. रेल्वे भरतीत त्यांच्यासाठी 20 टक्के जागा राखीव होत्या. त्यांना ही मर्यादा नको होती, थेट भरती हवी होती. शिकवून तयार केलेला पोरगा पुन्हा रांगेत उभा करायचा, हे मला आजही पटत नाही. खासगीत तर तेवढीही राखीव जागा नसते.

पैशांचा हिशोब वेगळाच. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान 7000 रुपये ठरले. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन 36 टक्के वाढवायची शिफारस केली. चाकणला कॉट बेसिसवर राहून, मेस लावून यात घरी काय पाठवणार? घर त्याच्यावरच चालत असेल तर कंत्राटदाराकडे जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही. वर्षभर घरून थोडा हातभार लागणार असेल तरच ॲप्रेंटिसशिप झेपते. गरिबाच्या पोराला ती परवडत नाही, खरा अन्याय मला इथे दिसतो.

घ्यायचं ठरलं तर करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का ते बघा. नुसतं 'ट्रेनी' म्हणून पत्र देत असतील तर त्याला या कायद्याचं संरक्षण नाही. एचआर काय म्हणतो ते सोडा, गेल्या वर्षीच्या एखाद्या ॲप्रेंटिसला गेटवर गाठून विचारा, मशीन उघडायला मिळालं का. आणि शेवटच्या परीक्षेचा फॉर्म कंपनी भरेल म्हणून बसू नका. ती पास झाल्याशिवाय राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही.