सरकारवाडा: सरकारांचा की सरकारी?

नाशकात नव्यानं आलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: सराफ बाजाराजवळचा 'सरकारवाडा' म्हणजे सरकारी वाडा का? शिवाय आमच्या गावी मेंढरं कोंडतात त्यालाही वाडाच म्हणतात, ते कसं?

सरकारी नव्हे, सरकारांचा. फारसीत 'सर' म्हणजे डोकं, 'कार' म्हणजे काम; कामाचा प्रमुख तो सरकार. मोगली कारभारात सुभ्याखालच्या मुलखालाही सरकार म्हणत, पण पेशवाईत सरकार म्हणजे धनी. 'सरकारस्वारी' म्हटलं की खातं नव्हे, माणूस यायचा. राजाचा तो राजवाडा, तसा पेशव्यांचा हा सरकारवाडा. आज 'सरकारवाडा हद्दीत चोरी' अशी बातमी दिसते, ती पोलीस ठाण्याच्या नावामुळं.

खरी गंमत वाड्यात आहे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा (चालायची वाट निराळी). म्हणजे मेंढरांचाच वाडा मुळाशी जवळचा! धन्यांच्या वाड्यातही आधी दिसते ती भिंत. आतला माणूस केवढा, हे किती दारं, देवड्या नि चौक ओलांडावे लागतात त्यावरून कळायचं. पुण्याच्या शनिवारवाड्यानं तर (१७३२) उत्तरेकडच्या खिळेबंद दाराला 'दिल्ली दरवाजा' असं नावच देऊन टाकलं. मोठं दार एरवी बंद. ये-जा त्यातल्या छोट्या दिंडीतून, मान वाकवून. माझ्या आजोळच्या दिंडीवर नव्या पाहुण्याचं कपाळ हमखास आपटायचं. आजी हळद आणायची आणि म्हणायची, "नमस्कार केल्याशिवाय आत घेत नाही हो ती."

नाशकातल्याच, गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळाचा (१७४७) कोट उलट बोलका. १७३९ साली वसई जिंकली, तिथल्या फिरंग्यांची (पोर्तुगीजांची) घंटा त्या कोटावर नदीच्या बाजूला टांगली. गाभाऱ्यासमोर टांगली असती तर ती देवाची झाली असती. इथं ती गंगेवर (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

नाशिककरांनी मात्र या सगळ्याची मोजपट्टी करून टाकली आहे. पावसाळ्यात गंगेला पाणी चढलं की विचारणा एकच: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलंय? सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागलं का? आणि नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हटलं, की सराफ बाजारातली दुकानं रिकामी करायला लागतात.