ट्रान्सट्रेमवाली हेडलेस गिटार घ्यायच्या आधी हे बघ

हेडलेस, म्हणजे टोकाला खुंट्यांचं डोकं नसलेली गिटार, घे की, बिनधास्त घे, पण ट्रान्सट्रेम तुला खरंच लागणारे का ते आधी ठरव. साध्या ट्रेमोलोवर (दांडीने तारा सैल-ताठ करून सूर खालीवर करणारी यंत्रणा) दांडी दाबली की प्रत्येक तार वेगवेगळी उतरते आणि धरलेली कॉर्ड बेसूर होते, तर गिटार डिझायनर नेड स्टाइनबर्गरच्या ट्रान्सट्रेममध्ये प्रत्येक तार तिच्या गरजेइतकीच सैल होते, म्हणून अख्खी कॉर्ड सुरात खालीवर सरकते आणि दांडी ठरावीक जागी लॉक करून तू सरळ दुसऱ्या पट्टीत वाजवू शकतोस. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने ८०च्या दशकात ही वापरली ती उगाच नाही, ऐकायला भन्नाटच वाटतं!

पण तारांचा खर्च धर. दोन्ही टोकांना बॉल (तार अडकवायचा धातूचा छोटा मणी) असलेल्या तारा लागतात, आणि त्यातही ट्रान्सट्रेमला कॅलिब्रेटेडच, म्हणजे अचूक मापाच्याच हव्यात, कारण दोन बॉलमधली लांबी जराशी चुकली तरी ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलण्याचं गणित बिघडतं. त्या दुकानात सहज मिळत नाहीत, चारपाच सेट एकदम मागवून ठेव.

आणि हो, स्टाइनबर्गरच्या स्पिरिट या मॉडेलवर आर-ट्रेम नावाचा ट्रेमोलो असतो, तो ट्रान्सपोज करत नाही, विकणारा काहीही सांगू दे. सेकंडहँड बघायला गेलास तर ट्यूनर घेऊन जा, ओपन ई मेजर वाजव, खाली डी वर लॉक कर आणि सहाही तारा एकेक करून तपास, मग परत ई वर ये आणि पुन्हा तपास. एखादी जरी भरकटली तर सेटिंग आणि तारांचा खर्च किमतीतून कापूनच बोल. नुसता व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथरच हवीय तर साधा ट्रेमोलो पुरे.